नदीपलीकडची जमीन : लंडनडेरी काउंटीच्या सीमारेषेची गोष्ट

आयर्लंडच्या नकाशावर उत्तरेकडच्या लंडनडेरी काउंटीची शीव बोटाने गिरवायला घेतली, तर पहिल्या नजरेला ती अगदी निसर्गानेच आखून दिल्यासारखी वाटते. उत्तरेला अटलांटिक समुद्र, पूर्वेला बॅन नदी, पश्चिमेला फॉइल नदी व तिची रुंद खाडी आणि दक्षिणेला स्पेरिन पर्वताची रांग, एवढे सगळे हाताशी असताना सीमा आखणाऱ्याला फारसा विचार करावा लागला नसेल, असेच कोणालाही वाटेल. पण बोट बॅनच्या काठाने समुद्राकडे सरकत कोलरेन गावापाशी आले, की रेषा नदी सोडून पूर्वेकडच्या काठावर चढते आणि तिथली जमीन कवेत घेते. पश्चिमेला डेरी शहरापाशीही तसेच होते. तिथे ती फॉइल ओलांडून पलीकडच्या काठावर एक फुगवटा काढते. दक्षिणेला तर ती पर्वताला जुमानतच नाही. स्पेरिनच्या माथ्यावरून काही अंतर निमूटपणे चालल्यावर ती पर्वताच्या पलीकडच्या उतारावरचा मोठा मुलूख आत ओढून थेट लॉक ने या विस्तीर्ण सरोवराच्या काठापर्यंत जाते.

या तीन ठिकाणी रेषा निसर्गाला सोडून का गेली, हे समजले की या काउंटीचा इतिहास बराचसा समजतो. तीनही ठिकाणचे उत्तर एकाच व्यवहारात सापडते आणि तो व्यवहार लंडनच्या व्यापाऱ्यांनी १६१० साली इंग्लंडच्या राजाशी केलेला आहे.

त्याआधी काउंटी म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. आयर्लंड बेटाच्या बत्तीस काउंट्या आज आयरिश माणसाच्या ओळखीचा भाग झालेल्या आहेत, खेळाचे संघ त्यांच्या नावाने उतरतात आणि माणसे एकमेकांना गाव विचारण्याआधी काउंटी विचारतात. पण ही कल्पना मुळात आयरिश नाही. इंग्रजी सत्ता जिथे जिथे पोहोचली, तिथे शेरिफ नेमायला, न्यायालय भरवायला आणि कर गोळा करायला तिने काउंटी नावाची चौकट बसवली. चौकट नवी असली तरी तिच्या आतले तुकडे मात्र जुनेच राहिले. सर्वांत लहान तुकडा म्हणजे टाउनलँड, आपल्याकडच्या एखाद्या शिवाराएवढा; असे साठ हजारांहून अधिक तुकडे बेटभर आजही नावानिशी ओळखले जातात. अनेक टाउनलँड मिळून एक बॅरनी होते, आणि बहुतेक बॅरन्या म्हणजे एखाद्या आयरिश सरदारघराण्याचा जुना मुलूखच असतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी असे मुलूख एकत्र बांधले आणि त्या गाठोड्याला काउंटी म्हटले. त्यामुळे काउंटीची सीमा पुष्कळदा एखाद्या सरदाराची गुरे कुठपर्यंत चरत होती, त्याची खूण असते.

बॅन आणि फॉइल यांच्या मधला मुलूख ओ'कहान घराण्याचा होता. आजच्या केन किंवा ओ'केन या आडनावाचे मूळ याच घराण्यात आहे. त्यांचा एक बालेकिल्ला रो नदीच्या काठी लिमावाडी येथे होता. मराठी वाचकाला या नावात 'वाडी' ऐकू येईल, पण आयरिश भाषेत त्याचा अर्थ 'कुत्र्याची उडी' असा आहे. ओ'कहान हे दक्षिणेला लागून असलेल्या टिरोन मुलखाच्या ओ'नील घराण्याचे मांडलिक. तरी त्यांचा मान असा, की नव्या ओ'नीलचा अभिषेक होताना त्याच्या डोक्यावरून वहाण फेकण्याचा हक्क ओ'कहानकडे असे. १५८५ मध्ये आयर्लंडचा इंग्रज राज्यपाल सर जॉन पेरट याने उत्तरेच्या अल्स्टर प्रांतात काउंट्या आखल्या, तेव्हा ओ'कहानचा हा मुलूख जवळजवळ जसाच्या तसा उचलून त्याला 'कोलरेन काउंटी' असे नाव दिले. ही पहिली काउंटी खरोखरच दोन नद्यांच्या मध्ये बसत होती. तिच्या दक्षिणेला स्पेरिनची रांग होती, जिच्यातले सॉवेल हे ६७८ मीटर उंचीचे शिखर आजही दोन काउंट्यांच्या सीमेवर उभे आहे. अर्थात १५८५ ची ही आखणी बरीचशी कागदावरचीच होती, कारण त्या भागात इंग्रज शेरिफाचा हुकूम चालावा अशी परिस्थिती अजून आलेली नव्हती.

पर्वताच्या दक्षिण आणि पूर्व उतारावरचे पाणी मोयोलासारख्या नद्यांतून लॉक नेमध्ये उतरते. त्या बाजूची बॅरनी म्हणजे लॉकइन्शोलिन. नावाचा अर्थ 'ओ'फ्लिनच्या बेटाचे सरोवर'. पाणलोटाच्या दृष्टीने, माणसांच्या येण्याजाण्याच्या दृष्टीने आणि सत्तेच्या दृष्टीनेही ती टिरोनची होती. तिथे ग्लेनकोंकीन आणि किलेट्रा ही ओक वृक्षांची अरण्ये होती, आणि युद्धाच्या दिवसांत ओ'नीलच्या माणसांना लपायला त्यांहून चांगली जागा नव्हती. इंग्रज सेनापतींना ही अरण्ये डोळ्यांत खुपत होती. पुढे व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत तीच भरली.

डेरी या गावाचे स्थान आणखी वेगळे होते. फॉइल नदीच्या पश्चिम काठावर एक टेकडी आहे, जिच्याभोवती एके काळी नदीचे पाणी दोन्ही बाजूंनी वाहत असे. पश्चिमेकडचा फाटा पुढे आटून त्याची दलदल झाली. आज जगाला माहीत असलेली बॉगसाइड ही वस्ती याच दलदलीच्या जागेवर आहे. 'दॉरे' या आयरिश शब्दाचा अर्थ ओक वृक्षांची राई, आणि सहाव्या शतकात संत कोलमकिल याने तिथे मठ स्थापल्याची परंपरा आहे. मुद्दा असा, की टेकडी फॉइलच्या पश्चिमेला असल्यामुळे ती डॉनेगॉल काउंटीत मोडत होती, आणि तिच्या मागे इनिशोवेन हे ओ'डोहर्टी घराण्याचे द्वीपकल्प पसरलेले होते. १६०० च्या मे महिन्यात सर हेन्री डॉकरा हा इंग्रज सेनानी सुमारे चार हजारांची फौज घेऊन फॉइलच्या खाडीत उतरला आणि त्याने याच टेकडीवर ठाणे दिले. समुद्रातून रसद येऊ शकेल, तीन बाजूंनी पाणी आणि दलदल असेल आणि शत्रूच्या मुलखाच्या पाठीत शिरता येईल, अशी दुसरी जागा त्या किनाऱ्यावर नव्हती. म्हणजे डेरीचे शहर पश्चिम काठावर वसले ते लष्करी सोयीसाठी. काउंटी कोणती, याचा विचार तेव्हा कोणी केलाच नव्हता.

अल्स्टरच्या सरदारांनी इंग्रजांविरुद्ध नऊ वर्षे चालवलेले युद्ध १६०३ मध्ये टिरोनच्या ह्यू ओ'नीलच्या शरणागतीने संपले, पण जमिनीचा प्रश्न सुटला नाही. डोनल ओ'कहान याने १६०२ मध्येच ओ'नीलची बाजू सोडली होती, कारण यापुढे तुझी जमीन ओ'नीलकडून नव्हे तर थेट इंग्रज राजसत्तेकडून तुला मिळेल, असे इंग्रजांनी त्याला कबूल केले होते. तह झाल्यावर मात्र ओ'नीलला त्याचा अधिकार परत मिळाला आणि ओ'कहानला दिलेला शब्द बाजूला पडला. दोघांचे भांडण डब्लिनच्या न्यायासनापुढे गेले. ते चालू असतानाच १६०७ च्या सप्टेंबरात ओ'नील आणि त्याच्या बरोबरीचे सरदार जहाजाने युरोपात निघून गेले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये कहिर ओ'डोहर्टी याने बंड करून डेरी जाळले आणि जुलैत तो मारला गेला. ओ'कहानलाही संशयावरून अटक झाली, त्याला लंडनच्या टॉवरमध्ये नेण्यात आले आणि कोणताही खटला न चालवता मरेपर्यंत तिथेच ठेवण्यात आले. ज्याने राजसत्तेच्या शब्दावर विश्वास ठेवला त्याचाही मुलूख आता राजाच्या हाती होता, आणि नव्या सीमा आखायला मैदान मोकळे झाले होते.

मैदान मोकळे असले तरी ते मोजलेले नव्हते. अल्स्टरमधल्या सहा काउंट्यांची जमीन जप्त झाल्यावर १६०९ मध्ये सर जोसायस बोडली याच्या देखरेखीखाली बॅरनीनिहाय नकाशे तयार झाले. ते साखळी घेऊन शेतोशेत मोजून काढलेले नव्हते. आयोगापुढे गावोगावच्या जाणत्या माणसांना बोलावून, कोणत्या तुकड्याचे नाव काय आणि त्याच्या शेजारी कोण, हे विचारून ते जुळवलेले होते. जमिनीचे स्थानिक माप 'बालीबो' होते, म्हणजे शब्दशः गाईंचा टाउनलँड. किती गुरे पोसली जातील, यावर ते ठरत असल्याने सुपीक नदीकाठचा बालीबो लहान आणि डोंगरउतारावरचा मोठा असे. इंग्रज अधिकाऱ्यांनी या भागात एक बालीबो म्हणजे साठ एकर असा सरसकट हिशेब धरला. रान, दलदल आणि माळ हिशेबात आलेच नाहीत, त्यामुळे कागदावरची काउंटी खऱ्या काउंटीपेक्षा कितीतरी लहान दिसत होती. नकाशा काढणाऱ्यांकडे लोक कोणत्या नजरेने पाहत होते, हेही सांगण्यासारखे आहे. डॉनेगॉलचा नकाशा काढायला पाठवलेल्या एका इंग्रजाचे डोके तिथल्या लोकांनी उडवले, कारण आपला मुलूख परक्यांना कळावा असे त्यांना वाटत नव्हते, असे खुद्द ॲटर्नी जनरल सर जॉन डेव्हिस याने १६०९ मध्ये लिहून ठेवले आहे. नकाशा म्हणजे काय, हे त्या लोकांना नेमके कळले होते, असेच म्हणावे लागेल.

राजा पहिला जेम्स याच्याकडे जमीन होती, पण तिच्यावर ब्रिटनमधून माणसे आणून वसाहत उभारायला पैसा नव्हता, आणि म्हणून १६०९ मध्ये लंडन शहराच्या व्यापारी संघांना गळ घालण्यात आली. त्यांच्यासमोर ठेवलेल्या प्रस्तावात अल्स्टरच्या लाकडाची, कातड्यांची आणि सॅमन व ईल माशांची भरघोस स्तुती होती. शहराने चार प्रतिनिधी पाहणीसाठी पाठवले, तेव्हा त्यांना नकोसे काही दिसू देऊ नये, अशी सूचना राज्यपाल आर्थर चिचेस्टर याला आधीच मिळालेली होती. पाहुणे खूश होऊन परतले. पण ते व्यापारी होते आणि त्यांनी घासाघीस केली.

कोलरेन काउंटीला दोन नद्यांची मुखे होती, आणि प्रत्येक मुखाचा एकेक काठ दुसऱ्या काउंटीत होता. बंदर चालवणाऱ्याला अर्धी नदी उपयोगाची नसते. पलीकडच्या काठावर दुसऱ्याचा धक्का, दुसऱ्याची जकात आणि दुसऱ्याची जाळी असतील, तर आपल्या काठाची किंमत निम्म्याने घटते. त्यामुळे लंडनकरांनी दोन्ही नद्यांमधली मासेमारी मागितली आणि दोन्ही गावांसाठी नदीच्या दोन्ही बाजूंची जमीन मागितली. जानेवारी १६१० मधल्या करारात डेरीच्या बाजूने, म्हणजे डॉनेगॉलमधून, शहराला लागून चार हजार एकर जमीन देण्याचे ठरले, आणि त्यातही दलदल व उजाड डोंगर मोजणीत न धरता ते वरकड म्हणून शहराला द्यायचे, असे कलम होते. शहराचा अधिकार मध्यापासून सर्व दिशांना तीन मैल चालणार होता. फॉइलच्या पश्चिमेचा तो फुगवटा म्हणजे हीच जमीन. तिला शहराच्या 'लिबर्टीज' म्हणत. कोलरेनसाठी अशीच जमीन बॅनच्या पूर्वेला अँट्रिम काउंटीतून कापून घेतली गेली. पोर्टस्टुअर्ट आणि पोर्टरश ही समुद्रकाठची दोन शेजारी गावे आज वेगवेगळ्या काउंट्यांत आहेत, याचे कारण पोर्टस्टुअर्ट या कापून घेतलेल्या तुकड्यात पडले आणि पोर्टरश त्याच्या बाहेर राहिले.

तिसरी मागणी सर्वांत मोठी होती आणि माझ्या मते तिच्यातच त्या व्यवहाराची खरी नियत दिसते. करारानुसार डेरीत दोनशे आणि कोलरेनमध्ये शंभर घरे बांधायची होती, त्यासाठी लाकूड हवे होते आणि लाकूड पर्वताच्या पलीकडे लॉकइन्शोलिनमध्ये होते. ग्लेनकोंकीनचे ओक तोडून बॅनच्या पाण्यावर सोडले की ते वाहत कोलरेनला पोहोचत; पर्वत ओलांडण्याची गरजच नव्हती. म्हणजे भूगोलाने या बॅरनीला टिरोनशी जोडले होते खरे, पण नदीने तिला कोलरेनच्या बंदराशीही जोडले होते, आणि लंडनकरांनी दुसरा धागा पकडला. अरण्याचे लाकूड वसाहतीच्या बांधकामासाठीच वापरावे, त्याचा व्यापार करू नये, असे करारात स्पष्ट लिहिलेले होते. प्रत्यक्षात पिंपांच्या फळ्या करून ते परदेशी विकले गेल्याच्या तक्रारी काही वर्षांतच सुरू झाल्या. ते प्रचंड अरण्य आज नाही. त्याच्यासाठी वळवलेली सीमा मात्र तशीच आहे.

२९ मार्च १६१३ च्या सनदेने हे सगळे तुकडे एकत्र शिवले गेले : जुनी कोलरेन काउंटी, नैर्ऋत्येचा कोपरा टिरोनला सोडून उरलेली लॉकइन्शोलिन बॅरनी, अँट्रिममधला बॅनपलीकडचा तुकडा आणि डॉनेगॉलमधला फॉइलपलीकडचा तुकडा. डेरी शहराला लंडनचे नाव जोडले गेले आणि काउंटीलाही तेच मिळाले. शहराला डेरी म्हणायचे की लंडनडेरी, हा वाद आजही तिथे माणसाचा राजकीय कल ओळखण्याची सोपी खूण आहे. २००७ मध्ये तो न्यायालयापर्यंत गेला आणि कायद्याच्या दृष्टीने शहराचे नाव लंडनडेरीच आहे, असा निर्णय आला. काउंटीच्या बाबतीत मात्र एक गंमत लक्षात येत नाही : १६१३ च्या आधी 'डेरी काउंटी' नावाची काउंटी कधी नव्हतीच. जुने नाव परत आणायचे म्हटले तर ते कोलरेन असायला हवे, पण ते मागणारे कोणी नाही.

सनदेनंतर जमिनीची वाटणी झाली. लंडनच्या बारा मोठ्या व्यापारी संघांनी डिसेंबर १६१३ मध्ये चिठ्ठ्या टाकून आपापले तुकडे घेतले. मीठवाल्यांच्या संघाला मागराफेल्टचा भाग मिळाला, कापडवाल्या ड्रेपर्सना मनीमोरचा. ड्रेपर्सटाउन या गावाच्या नावात तो संघ अजून आहे. दोन्ही शहरे, त्यांच्या लिबर्टीज आणि मासेमारी ही सगळ्यांची सामाईक संस्था असलेल्या आयरिश सोसायटीकडे राहिली. डेरीभोवती १६१३ ते १६१९ या काळात बांधलेला तट आजही अखंड उभा आहे. कराराच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून १६३५ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या न्यायालयाने लंडन शहराला ७०,००० पौंडांचा दंड केला आणि सनदही काढून घेतली. दुसऱ्या चार्ल्सने ती १६६२ मध्ये परत दिली. या सगळ्या उलथापालथीत मालक बदलले, पण रेषा हलली नाही.

काउंटीची सीमा ही एरवी फारशी त्रासदायक वस्तू नसते. पलीकडच्या काउंटीत बाजाराला जाता येते, मुलगी देता येते, गुरे विकता येतात. डेरीचा बाजारच मुळी डॉनेगॉलच्या शेतकऱ्यांवर चालत होता, आणि तिथून सुटणारी लॉक स्विली रेल्वे बहुतांशी डॉनेगॉलमध्येच धावत होती. १९२० च्या कायद्याने आयर्लंडची फाळणी केली, तेव्हा उत्तरेच्या नव्या घटकाची व्याख्या सहा काउंट्या आणि बेलफास्ट व लंडनडेरी ही दोन शहरे अशी करण्यात आली. नवी रेषा आखण्याचा खटाटोप कोणी केला नाही. सतराव्या शतकातली तयार रेषा उचलली गेली. त्यामुळे लंडनच्या व्यापाऱ्यांनी धक्के आणि मासळी यांच्यासाठी मागून घेतलेली फॉइलपलीकडची जमीन ब्रिटनकडे राहिलेले उत्तर आयर्लंड आणि वेगळे झालेले दक्षिण आयर्लंड या दोन राज्यांमधली सरहद्द होऊन बसली. १ एप्रिल १९२३ पासून तिच्यावर जकातीचे नाके बसले आणि डेरी शहर आपल्याच बाजारपेठेपासून तुटले.

ही रेषा लोकांच्या इच्छेनुसार आणि आर्थिक व भौगोलिक परिस्थितीला धरून दुरुस्त करण्यासाठी ब्रिटन आणि आयरिश नेत्यांमधल्या १९२१ च्या तहात एका आयोगाची तरतूद होती. दक्षिण आफ्रिकेतले न्यायाधीश रिचर्ड फीथम यांच्या अध्यक्षतेखाली त्याने १९२४ आणि १९२५ मध्ये काम केले. डेरीतल्या राष्ट्रवादी बहुसंख्याकांना आपण दक्षिणेला जोडले जाऊ अशी आशा होती. आयोगाने ती मान्य केली नाहीच, उलट पूर्व डॉनेगॉलचा काही भाग उत्तरेला द्यावा असे सुचवले, म्हणजे फुगवटा आणखी वाढवावा असेच. ही बातमी नोव्हेंबर १९२५ मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्रातून फुटली, गदारोळ झाला, ३ डिसेंबरला लंडन, डब्लिन आणि बेलफास्ट इथल्या तिन्ही सरकारांनी आहे तीच रेषा कायम ठेवण्याचे ठरवले आणि अहवाल १९६९ पर्यंत प्रसिद्धच झाला नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये काउंटीची प्रशासकीय सत्ता १९७३ मध्ये संपली. २०१५ पासून डेरी शहर आणि टिरोनमधले स्ट्रबेन यांचा मिळून एक जिल्हा आहे, जो काउंटीच्या रेषेपेक्षा फॉइलच्या खोऱ्याला अधिक धरून आहे. लॉकइन्शोलिनचा बराच भाग मिड अल्स्टर जिल्ह्यात, म्हणजे पुन्हा टिरोनच्या शेजाऱ्यांबरोबर गेला आहे. डेरीहून बेलफास्टला जाणारी वाहने ग्लेनशेनच्या खिंडीतून स्पेरिन ओलांडतात, तेव्हा चढताना आणि उतरताना काउंटी एकच असते, कारण पर्वतापलीकडची ती अरण्याची बॅरनी अजून नावाने लंडनडेरीचीच आहे.

खाडीचा प्रश्न तेवढा अजून मोकळा आहे. सनदेने आयरिश सोसायटीला फॉइलचे पाणी आणि तळ दिला होता, त्या आधारावर संपूर्ण खाडी डॉनेगॉलच्या किनाऱ्यापर्यंत आपली आहे, असे ब्रिटनचे म्हणणे आहे; आयर्लंडला ते मान्य नाही. माशांना हा वाद कळत नसल्याने १९५२ मध्ये डब्लिन आणि बेलफास्टच्या दोन्ही विधिमंडळांनी जुळे कायदे करून मासेमारीसाठी संयुक्त मंडळ नेमले, आणि १९९८ च्या शांतता करारानंतर ते काम दोन्ही बाजूंच्या सामाईक संस्थेकडे आले. पण तळ कोणाचा, हे ठरलेले नसल्यामुळे तिथे कालवांची शेती करण्याचा परवाना कोणी द्यायचा, हेही ठरलेले नाही. ओहोटी लागली, की कालवांच्या पिशव्या ठेवलेल्या लोखंडी मांडण्यांच्या रांगाच्या रांगा बिनपरवाना उघड्या पडतात.